चोविसावा फोटो

१९ जानेवारी, सोमवार

परवा, शनिवारी सकाळी, मी बस्तीतून, म्हणजे आमच्या जैन मंदिरातून, अभिषेक बघून दुकानात आलो, चपला उंबऱ्याबाहेर काढल्या, संगणकासमोर बसलो आणि एका पोराचा फोटो काढून टाकला. काल दुपारी त्या पोराच्या डाव्या हाताची तीन बोटं चौकात पडली.

चातुर्मासात महाराजांनी मला नियम दिला होता. दिवसभरात आपल्याकडून कोणत्या जिवाला काय दुखापत झाली ते रोज लिहायचं. लपवायचं नाही, वाढवायचं नाही. तेव्हापासून मी ही वही लिहितो. आजवरची पानं चाळली. मुंग्यांवर गरम पाणी सांडलं. गिऱ्हाइकाला तोडून बोललो. बैलाच्या अंगावरची गोमाशी मारली, म्हणजे गावाकडं गेलो होतो तेव्हा. आता हे.

क्रमानं लिहितो. राजारामपुरीत माझं डिजिटल बोर्ड छापायचं दुकान आहे, चौकापासून पन्नास पावलांवर. काल एकवीस ग्रुपचा, म्हणजे आमच्या चौकातल्या पोरांच्या ग्रुपचा, म्होरक्या राजवीर याचा वाढदिवस होता. बोर्डाचं काम आदर्श घेऊन आला, तो राजवीरचा उजवा हात. वर राजवीरचा गॉगल लावलेला मोठा फोटो आणि खाली ग्रुपमधल्या पोरांचे, नाव एकवीस असलं तरी चोवीस, सहा-सहाच्या चार ओळींत. डिझाईन आदितीनं केलं. ती माझी एकुलती मुलगी, बावीस वर्षांची, कॉलेज संपल्यापासून संगणक तीच सांभाळते.

शनिवारी मी फाइल तपासायला बसलो तेव्हा ती म्हणाली, "पप्पा, शेवटचा फोटो फाटतोय."

बघितलं. खरंच, ऋतुराजच्या तोंडाच्या जागी नुसते चौकोन दिसत होते.

"आदर्शकडनं दुसरा मागव की."

"फोन उचलत नाही तो. आणि दुपारी लाईट जाणार आहे. काढून टाका. एकानं काय होतंय?"

बटण मी दाबलं. मोकळी जागा बरी दिसेना, म्हणून तिथं एक गुलाबाचं फूल टाकलं. चांगलं दिसतंय असं मला वाटलंसुद्धा.

रविवारी आठ वाजता मी स्वतः बोर्ड बांधला. अकरापर्यंत चौकात स्पीकर लागले, चारचाकीच्या बॉनेटवर केक ठेवला, केक कापायला कोयता. साडेअकराला ऋतुराज नवा शर्ट घालून आला. बोर्डाकडं बघत उभा राहिला. मी दुकानाच्या दारात होतो. त्यानं ओळीवर बोट फिरवत मोजलं, मग मोठ्यानं म्हणाला, "माझ्या जागी फूल? मेलो व्हय रं मी तुमच्यासाठी?"

आदर्श म्हणाला, "तूच काढाय लावलास की. रोज त्या बोर्डाच्या दुकानात बसतोयस. आमास्नी शिकवतोस?"

"कुणी काढाय लावला?"

"वाढदिवसादिवशी ग्रुप सोडतोस? दादाच्या तोंडावर थुकतोस?"

पुढचं सगळं मिनिटभरातलं. राजवीरनं केकवरचा कोयता उचलला, त्याला क्रीम लागलेली होती. ऋतुराजनं हात वर केला. तीन बोटं गेली, ती पडताना मी पाहिली. तो वळला तर पाठीत दुसरा वार. तशातही त्यानं स्पीकरचा लोखंडी स्टँड उपसला आणि समोर आला त्याला हाणला. आदर्श समोर होता. स्टँडचं टोक त्याच्या डोळ्यात गेलं. तो ओरडला नाही. नुसता खाली बसला, लघवीला बसल्यासारखा, आणि दोन्ही हात तोंडावर धरून डुलायला लागला. स्पीकर चालूच होता.

मी शटर अर्धं ओढून घेतलं. हेही लिहायला पाहिजे.

२० जानेवारी, मंगळवार

दवाखान्यात गेलो होतो. ऋतुराजचे वडील कृष्णात, रिक्षा चालवतात, माझ्या ओळखीचे. आदिती म्हणाली, मीपण येते. म्हटलं चल, तेवढीच बाईमाणसाला सोबत, त्याच्या आईला.

पाठीतला वार फुप्फुसापर्यंत गेलाय. नर्स बाहेर येऊन रक्त लागेल म्हणाली. "ब्लड ग्रुप काय पेशंटचा?" कृष्णातनी बायकोकडं बघितलं. आई म्हणाली, "आता ते कुणाला म्हाईत, बाई?"

आदिती म्हणाली, "ओ पॉझिटिव्ह."

नर्स म्हणाली, तपासूनच देतो आम्ही, तरी बरं झालं. तपासलं, तेच निघालं. मी आदितीला जिन्यात विचारलं, तुला कसं ठाऊक? ती म्हणाली, "कुठल्यातरी रक्तदान शिबिराचा बोर्ड केलावता, त्यात यादी होती." पोरीची स्मरणशक्ती लहानपणापासून अशीच आहे.

माझाही ओ पॉझिटिव्ह. मी दिलं. सुई टोचताना डोळे मिटून णमोकार म्हणत होतो आणि मनात दुसरंच चाललं होतं. गावातल्या शाळेत पाचवीला इंग्रजी सुरू झालं तेव्हा गुरुजींनी फळ्यावर ग्रुप हा शब्द लिहून त्यापुढं गट असं लिहिलं होतं. आमच्या शेजारच्या तीन वाड्यांची मिळून ग्रुप ग्रामपंचायत, म्हणून तो शब्द आम्हाला आधीच माहीत होता. आमच्या समजुतीनं ग्रुप म्हणजे एकट्याला परवडत नाही ते तिघांनी मिळून चालवायचं.

बाटलीवर चिठ्ठी लावताना त्या मुलीनं परत तोच शब्द उच्चारला. हा ग्रुप तर मला कुणी विचारूनही दिलेला नाही.

कृष्णात बाहेर पायरीवर मला म्हणाले, "अण्णा, एकच कळंना झालंय. त्येचा फोटू काढला कुणी? पोरगं शुद्धीवर येतंय आन तेवढंच इचारतंय."

मी म्हणालो, "काय माहीत."

२४ जानेवारी, शनिवार

आदर्शचा डोळा काढला.

राजवीर मोकळा आहे. दोन पोरं आपणहून पोलिसांत हजर झाली आणि कोयता आम्ही चालवला असं म्हणाली. कुणी चालवला ते सगळ्या चौकानं पाहिलं. मीही पाहिलं. पोलीस दुकानात आले होते, मी म्हणालो, आत होतो, मशिनचा आवाज मोठा असतो.

कृष्णातनी मला पोराचा मोबाईल दाखवला. फोनवरही त्यांचा एकवीस नावाचा एक ग्रुप आहे. रविवारी दुपारी पाऊण वाजता त्यात ओळ आली आहे, ऋतुराजला काढलं म्हणून. पोरगं तेव्हा ऑपरेशनच्या टेबलावर होतं. त्याच्याआधी राजवीरचं दोन ओळींचं लिखाण आहे. "जो ग्रुप सोडतो त्याला पायानं जाता येत नाही. आदर्शच्या डोळ्याची शप्पथ."

"दवाखान्यातनं बाहीर पडला की मारणार म्हंत्यात," कृष्णात म्हणाले. "माझ्या दारात येऊन सांगून गेलीत. नाव न्हाय, आवाज न्हाय, नुसतं गाडीवरनं."

हे सगळं त्या फोटोवर उभं आहे. राजवीरला वाटतं पोरानं स्वतः फोटो काढून त्याचा अपमान केला. पोराला वाटतं त्यांनी काढला. काढला मी.

आज ठरवून निघालो. राजवीर चहाच्या टपरीपाशी रोज बसतो. मी गेलो, त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसलो. त्यानं माझ्यासाठी चहा सांगितला. "अण्णा, बोर्ड लई भारी झालावता. रंग नाद खुळा." मी चहा प्यायलो. तोंड भाजलं. "येऊ का मग," असं म्हणून उठून आलो.

२८ जानेवारी, बुधवार

आज साडेदहा वाजता कृष्णातना त्यांच्याच रिक्षात घालून मारलं.

दवाखान्यात डबा घेऊन निघाले होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तीन दुचाक्या आडव्या लागल्या. सहा जण होते. लाल शर्ट घातलेल्या एकानं किल्ली काढून घेतली. रिक्षा आडवी केली आणि आतल्या माणसासकट तिच्यावर उड्या मारल्या. टप फाटला, काच फुटली, आतून कृष्णात म्हणत होते, "अरं, भाकरी हाय, भाकरी हाय त्यात." मग त्यांना ओढून काढलं आणि मनगटावर दगड घातला. परत रिक्षा चालवता येऊ नये म्हणून, हे ते मोठ्यानं सांगत होते, शिकवल्यासारखं. शेवटी रिक्षेला काडी लावली.

भाजीवाली धोंडुबाई तेवढी मधी पडली. वजनकाटा घेऊन गेली त्यांच्या अंगावर. "मुडद्यांनो, बाप हाय त्यो! बापानं काय फोटू काढलावता व्हय रं तुमचा?" तिला एकानं ढकललं, ती टोमॅटोवर पडली.

मी मशिन बंद केलं, पाण्याची बादली घेतली आणि दाराशी उभा राहिलो. सगळे गेल्यावर पाणी टाकलं. तोवर टपाचा सांगाडा उरला होता.

धोंडुबाई उठून मला म्हणाली, "अण्णा, तुमी मुंगी मारत न्हाय न्हवं?" आणि हसली. तिचं ते हसणं अजून कानात आहे.

बादली हातात असताना मला काय वाटत होतं तेही लिहितो. कोपऱ्यात फ्रेमसाठी कापलेले स्क्वेअर पाईप उभे असतात. मला वाटत होतं की एक पाईप घ्यावा आणि त्या लाल शर्टवाल्याच्या डोक्याचा नारळ फोडावा. हा विचार आला नाही, तो तिथं आधीपासून होता. सोळा वर्षांचा असल्यापासून मी सूर्यास्तानंतर जेवलेलो नाही. आणि हे आत होतं.

१ फेब्रुवारी, रविवार

त्रिशला, माझी बायको, म्हणते की आदिती जेवत नाही. विचारलं तर म्हणते उपवास. कसला उपवास? तर म्हणे असाच. मला बरं वाटलं. संकटात पोरीचं मन धर्माकडं वळलं.

दुपारी तीच दवाखान्यात डबा पोचवते, कृष्णातांचा हात प्लास्टरमध्ये आहे म्हणून. मी म्हटलं, रोज तू कशाला, मी जातो. त्रिशला म्हणाली, "जाऊ दे तिला." आणि माझ्याकडं बघत राहिली. बायकांना एकमेकींचं पटकन कळतं, ऋतुराजच्या आईचं दुःख ह्या दोघींना माझ्यापेक्षा जास्त भिडलंय.

५ फेब्रुवारी, गुरुवार

राजवीर दुकानात आला. एकटाच. खुर्चीत बसला, पाणी मागितलं, प्यायला, भांडं हातात देऊन म्हणाला, "एक बोर्ड हाय, अण्णा. दहा बाय आठ."

"कुणाचा वाढदिवस?"

"वाढदिवस न्हाय." त्यानं मोबाईल पुढं केला. त्यावर लिहून आणलं होतं. भावपूर्ण श्रद्धांजली. खाली ऋतुराजचं पूर्ण नाव. लगेच माझ्या फोनवर पाठवलंही.

मी म्हणालो, "तो जिवंत आहे."

"व्हय की. धा तारखेला डिस्चार्ज हाय त्येचा. तारीख तेवढी मोकळी सोडा, आमी मार्करनं लिवतो." तो शांतपणे बोलत होता, लग्नाच्या बोर्डाचं काम सांगावं तसा. "फोटू मोठा घ्या. गेल्या येळी ऱ्हायला हुता न्हवं? आता एकट्याचाच. आन फूल घालू नका मधी."

वीस वर्षांच्या सवयीनं माझ्या तोंडून निघालं, "खाली काय घालू?"

"शोकाकुल, एकवीस ग्रुप."

जाताना त्यानं आदितीकडं बघितलं. ती संगणकासमोर होती, बोटं बटणांवर तशीच. "ताई, फोटू असंलच की तुमच्याकडं त्येचा. चांगला बघून घाला." आणि मला म्हणाला, "पोलिसात जायाचं असलं तर जावा, अण्णा. पर दुकान कागदाचं आन रंगाचं. आग लवकर धरतंय."

तो गेल्यावर आदिती मोरीत जाऊन ओकली. शाईच्या वासानं होतं कधीकधी.

मी आलेलं काम वहीत मांडलं. आकार, मजकूर, तारीख. मांडून झाल्यावर कळलं मी काय मांडलंय.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज फोटो उघडला. श्रद्धांजलीसाठी नाही. ऋतुराजच्या आईनं सांगितलं होतं, घरात पोराचा एकही छापलेला फोटो नाही, एक काढून द्या. आदिती दवाखान्यात गेली होती. मी आदर्शनं दिलेल्या चोवीस फोटोंतला शेवटचा काढला आणि मोठा केला. फाटला नाही. आणखी मोठा केला. भुवईवरचा जुना व्रण दिसला, शर्टाचं बटण दिसलं. हसतोय, कॅमेऱ्याच्या जरा बाजूला बघून.

मग त्या दिवशी चौकोन कसे दिसले? संगणक जुना झालाय. गरम झाला की असं होतं. नाहीतर माझे डोळे. चाळीशीचा नंबर बदलायला झालाय, किती दिवस म्हणतोय. म्हणजे यंत्राच्या नाहीतर डोळ्यांच्या दोषापायी एक पोरगं मरणार आणि मी सांगत नाही.

छापलेला फोटो आदितीकडं दिला, आईला दे म्हणून. तिनं तो दोन्ही हातांनी धरला. "कुठल्या फाइलमधनं काढला, पप्पा?" मी सांगितलं. ती म्हणाली, "किती मोठा केला?" सांगितलं. ती फोटो घेऊन आत गेली.

आज सकाळी बस्तीत भगवंतासमोर उभं राहून मी हिशेब मांडायचा प्रयत्न केला, कोण माझं आणि कोण परकं याचा. माझाही एक ग्रुप आहे. फोनवर चौगुले परिवार, बासष्ट माणसं, रोज सकाळी सुविचार. काल मी त्यात लिहिलं होतं, अडचणीत आहे, कुणी वडीलधारं येऊन बसेल का दुकानात दोन दिवस. अकरा जणांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. आकाराम काकांचं उत्तर आलं, "राजकारण ग्रुपवर नको." त्या पोरांना मी गुंड म्हणतो. पण आदर्शच्या उशाशी ती पाळी लावून बसतात हे मी डोळ्यांनी पाहिलं. ऋतुराजला त्यांनीच दोन वर्षांपूर्वी पुराच्या पाण्यातून काढलं होतं, असं कृष्णातच म्हणाले. जे हात बाहेर काढतात तेच कापतात.

७ फेब्रुवारी, शनिवार

ठरलं आहे. श्रद्धांजली छापायची नाही. दहा तारखेला सकाळी त्याच जागी मीच एक बोर्ड लावायचा. जे झालं ते सरळ लिहून. राजवीरला एकट्याला कानात सांगितलं तर तो मला एकट्याला मारेल आणि ऋतुराजला नंतर मारेल, कारण चौकाला त्याचा अपमानच माहीत आहे. सगळ्या चौकानं वाचलं की कुणी कुणाचा अपमान केलाच नव्हता, तर कोयता उचलायला त्याच्याकडं काय उरतं? आदर्शचा डोळा उरतो. त्याचं उत्तर माझ्याकडं नाही.

दुपारी घरात दोघींना सांगितलं. त्रिशला म्हणाली, "तुम्हांला मारतील." मी म्हणालो, "मारतील."

आदिती म्हणाली, "माझं नाव घाला. फोटो मी काढला."

"बटण मी दाबलं."

"फाटतोय म्हणून मी सांगितलं. तो फाटत नव्हता, पप्पा. मी फाडला होता. त्याला त्यांच्यातनं बाहेर काढायचं होतं मला, तो स्वतः निघत नव्हता..."

माझा हात उठला. आयुष्यात पहिल्यांदा. चपराक तिच्या कानावर बसली. कानातला डूल तुटून लांब जाऊन पडला आणि कानाच्या पाळीतून रक्त आलं. मी ओरडत होतो, "बापाला वाचवायला खोटं बोलतीस? एवढं शिकवलं ते खोटं बोलायला?"

ती रडली नाही. खाली बसून डूल शोधत राहिली. त्रिशला मला म्हणाली, "तुम्ही आंधळे आहात." बरोबर आहे, रागानं माणूस आंधळाच होतो.

लपवायचं नाही, वाढवायचं नाही. आज माझ्याकडून दुखावलेला जीव: माझी मुलगी, बापासाठी स्वतःवर आळ घेत असताना.

९ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी पोलिसांत गेलो. लेखी दिलं. कोयता राजवीरच्या हातात पाहिला. रिक्षा जाळली ती पाहिली. श्रद्धांजलीचा बोर्ड सांगून गेला. राजवीरनं दिलेला मजकूर माझ्या फोनवर होता, तो दाखवला. हवालदार मोठ्या वयाचे होते, चष्मा पुसून दोनदा वाचला. "पावणं, बावीस दिवस कुठं होता?"

"दुकानात."

ते लिहीत होते. मी सांगितलं, एकवीस ग्रुप. ते म्हणाले, "ग्रुप म्हणू नका हो. आमच्या कागदावर त्याला टोळी म्हणत्यात." मी म्हणालो, ती पोरं ग्रुपच म्हणतात. ते म्हणाले, "ती म्हणणारच की. टोळी कोण स्वतःहून म्हणतंय?"

उद्या बारापर्यंत दोन माणसं पाठवतो म्हणाले. मी म्हटलं मी नवाला लावणार. ते म्हणाले, "मग नवाला मार खावा, बाराला आमी येतो." त्यांनी विनोद केला होता, मलाही हसू आलं.

दुपारी बोर्ड छापला. सगळ्या बोर्डांवर खाली शुभेच्छुकांची रांग असते. ह्याच्या खाली माझा एकट्याचा फोटो टाकला. इतकी वर्षं हजारो तोंडं छापली, माझं पहिल्यांदा. मशिनमधून मी हळूहळू बाहेर आलो, आधी केस, मग कपाळ. मजकूर आदितीनं टाईप केला. कानाला पट्टी आहे. एक शब्दही बदलला नाही तिनं. संपल्यावर तिनं वाकून माझ्या पायाला हात लावला. मी म्हटलं, अगं, क्षमा मी मागायची. ती म्हणाली, "असू दे पप्पा. उद्या नाही जमलं तर."

१० फेब्रुवारी, मंगळवार

डावा खांदा बांधलाय. उजव्यानं लिहितोय.

पहाटेच्या पूजेनंतर निघालो. आदिती माझ्याआधीच घरातून गेली होती, गावाकडं अव्वाला, म्हणजे माझ्या आईला भेटायला. बरं झालं, तिनं हे बघायला नको होतं. अव्वाचा संध्याकाळी फोन आला, अजून पोचली नाही म्हणून. हातकणंगल्याची बस चुकली असेल. त्रिशला म्हणते, काळजी करू नका, पोचेल जिथं जायचं तिथं. ऋतुराजला कृष्णातनी दहा वाजताच दवाखान्याच्या मागच्या दारानं नेलं. नृसिंहवाडीला त्यांची बहीण आहे, तिकडं. पोचल्याचा निरोप आला. सगळी सुखरूप आहेत म्हणाले. दोघं जाणार होते, सगळी कोण ते विचारायचं राहिलं.

नवाला शिडी लावली. बोर्डाच्या तीन गाठी बांधून झाल्या तेव्हा चौकात दहाबारा दुचाक्या आल्या. राजवीर वर बघून वाचायला लागला. मी काय लिहिलं होतं तेच इथं उतरवतो.

"१७ जानेवारीला ऋतुराज याचा फोटो बोर्डावरून मी काढला. त्यानं सांगितलं नव्हतं. ग्रुपमधल्या कुणी सांगितलं नव्हतं. फूल मी टाकलं. तीन बोटं, एक डोळा, एक मनगट. हे होत असताना मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो. ऋतुराज जिवंत आहे. त्याच्या श्रद्धांजलीचं काम माझ्याकडं आलं होतं. ते मी करणार नाही. अण्णाप्पा चौगुले."

"खाली उतर," राजवीर म्हणाला.

"एक गाठ राहिलीय."

त्यानं शिडीला लाथ घातली. मी डाव्या खांद्यावर पडलो. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला, ओली काटकी मोडावी तसा. मग लाथा. किती ते मोजलं नाही. एक पोटात बसली तेव्हा तोंडातून सकाळचं दूध बाहेर आलं. लाल शर्टवाला चाकू घेऊन बोर्ड फाडायला शिडी परत उभी करत होता. मी उजव्या हातानं शिडीचा पाय धरला. त्यानं हातावर पाय दिला. मी सोडला नाही.

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "ऱ्हाऊ दे रं."

आदर्श होता. डोळ्यावर पांढरी पट्टी. मान तिरकी करून उरलेल्या डोळ्यानं वाचत होता. त्याला वेळ लागला. सगळे थांबले, कारण आदर्शसाठीच तर हे चाललं होतं.

राजवीर म्हणाला, "म्हातारा खोटं बोलतोय. पोराला वाचवतोय."

"खोटं बोलणाऱ्यानं खाली स्वतःचा फोटू लावला असता व्हय, दादा?" आदर्श म्हणाला. मग मला म्हणाला, "अण्णा, त्येनं काढाय लावला न्हवता?"

"नाही."

"मी सगळ्यांस्नी सांगितलं त्येनंच काढाय लावला म्हणून. बघितलं न्हवतं मी. अंदाजानं सांगितलं." तो तिथंच कठड्यावर बसला. "अंदाजानं सांगितलं रं, दादा."

राजवीरनं त्याच्या थोबाडीत मारली. पट्टीच्या बाजूला. आदर्श हलला नाही. दोन पोरं पुढं आली आणि राजवीरच्या आणि त्याच्या मधी उभी राहिली. मग एकानं गाडीला किक मारली, मग दुसऱ्यानं. लाल शर्टवाल्यानं शिडी सोडली. पोलीस पावणेबाराला आले तेव्हा राजवीर टपरीपाशी एकटा होता. तो पळाला नाही. गाडीत बसताना माझ्याकडं बघून म्हणाला, "सुटणारच की मी, अण्णा." सुटेल, मलाही माहीत आहे.

धोंडुबाईनं मला उठवून बसवलं, खांद्याला तिच्या पदराची झोळी बांधली. "दवाखान्यात चला," म्हणाली. मी म्हणालो, आधी चौथी गाठ. तिनं कपाळाला हात लावला, शिव्या घालत शिडी धरली. मी एका हातानं आणि दातांनी तार आवळली.

मग खाली बसलो. लोक येत होते, वाचत होते, माझ्या फोटोकडं आणि मग माझ्याकडं बघत होते. कुणी विचारलं की जे लिहिलंय तेच तोंडानं सांगत होतो. पाच वाजेपर्यंत बोर्ड तिथं होता. मीही होतो.